शाकाहारी आणि व्हीगन : फरक केवळ दुधाचा आहे का?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही वाईजवळच्या एका खेड्यात राहतो. घरात चार पिढ्यांचा शाकाहार आहे. अंडेसुद्धा आमच्या उंबरठ्याच्या आत कधी आलेले नाही. धाकटी मुलगी पुण्यात शिकते. गेल्या महिन्यात ती घरी आली, त्याच दिवशी शेजारच्यांची गाय व्याली म्हणून त्यांनी चीक पाठवला होता. मी गूळ आणि वेलदोडा घालून खरवस केला, वड्या पाडल्या आणि तिला लहानपणापासून आवडते ती कडेची वडी बशीत घालून तिच्यापुढे ठेवली. तिने बशी हळूच माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "आई, हा चीक वासराचा होता गं. मी आता व्हीगन झाले आहे."

भांडण झाले नाही, परंतु ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण प्राण्याला मारत नाही, मग शाकाहारात उणे काय राहिले, असा मला प्रश्न पडला आहे. तिने आजीची पैठणीही नेसायला नकार दिला, तेव्हा हा विषय निव्वळ जेवणाचा नाही एवढे माझ्या लक्षात आले. तिचे वय वीस आहे आणि दूध, दही, तूप सगळेच सोडल्यावर तिच्या प्रकृतीचे काय होईल याचीही काळजी वाटते. गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत आणि तुपाशिवाय मोदक कसा वाढायचा हे मला माहीत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवाटा

ताई, आधी शब्दाबद्दल लिहितो. इंग्लंडमध्ये शाकाहारी लोकांची संस्था 1847 मध्ये रॅम्सगेट येथे स्थापन झाली. तिथल्या शाकाहाऱ्यांना दूध आणि अंडी चालत असत. पुढे त्यांच्यातल्याच काहींना असे वाटू लागले की मांस सोडून दूध-अंडी ठेवणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे आहे. 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी संस्था काढली आणि 'व्हेजिटेरियन' या शब्दाच्या रोमन स्पेलिंगमधली पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे घेऊन 'व्हीगन' हा शब्द तयार केला. त्या संस्थेच्या व्याख्येत प्राण्यांचा वापर अन्नासाठी, कपड्यांसाठी किंवा इतर कोणत्याही कारणासाठी 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितका' टाळावा, असे म्हटले आहे. म्हणून पैठणीचा मुद्दा दुधाच्या मुद्द्यापासून वेगळा काढता येत नाही.

शाकाहारी माणूस ताटात काय आले हे पाहतो. व्हीगन माणूस ते ताटापर्यंत कसे आले हे विचारतो. मी स्वतः सहा वर्षे व्हीगन आहे आणि मला दुसरा प्रश्न टाळता आला नाही.

गोठ्याकडून

माझा गोठा अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पाच एचएफ (होल्स्टिन फ्रीजियन या विदेशी जातीच्या) संकरित गाई आणि एक म्हैस आहे. ताईंच्या मुलीचे वाक्य वाचल्यावर मी दोन दिवस लिहू की नको असा विचार करत होतो, कारण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. परंतु जे रोज डोळ्यांसमोर घडते ते लपवून काही उपयोग नाही.

गाय दूध देते ती वासरू झाल्यावर. तिचे दूध टिकवायचे तर तिला साधारण वर्ष-सव्वा वर्षाने पुन्हा वेत मिळाले पाहिजे, म्हणून व्याल्यावर दोन-अडीच महिन्यांत आम्ही पुन्हा रेतन करून घेतो. वासराला पहिले काही दिवस चीक पाजतो. तो पाजला नाही तर त्याची रोगप्रतिकारशक्तीच तयार होत नाही. त्यानंतर ते वेगळ्या दावणीला जाते आणि त्याला बाटलीने किंवा बादलीने मोजून दूध मिळते. पहिली दोन रात्री गाय हंबरत राहते. गोठ्यात झोपणाऱ्या माणसाला तो आवाज पाठ असतो.

खरी अडचण कालवड झाली की गोऱ्हा झाला, इथून सुरू होते. माझ्या आजोबांच्या काळात खिल्लार गाईला खोंड झाला की घरात पेढे वाटत, कारण तो पुढे औताला जायचा. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नसते, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही आणि आता नांगरट ट्रॅक्टरने होते. गाईची कत्तल राज्यात 1976 च्या कायद्याने बंद झाली आणि 2015 च्या दुरुस्तीने बैल व वळूही त्या बंदीत आले. कायद्याचा हेतू मी समजू शकतो, पण गोऱ्ह्याला दहा-पंधरा वर्षे वैरण कोण घालणार, याचे उत्तर त्यात नाही. काहीजण त्याला रात्री रस्त्यावर सोडून देतात, काहीजण दूधच कमी पाजतात. म्हैस या बंदीत येत नाही. नर रेडकाचे काय होते ते वेगळे सांगायला नको. अलीकडे लिंगनिश्चित रेतमात्रा मिळू लागल्या आहेत, त्यांनी बहुतेक वेळा कालवडच होते. मी त्या वापरतो. त्या महाग आहेत आणि गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी पडते, तरीही वापरतो, कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या दावणीचा एक गोऱ्हा खंगून गेला आणि तो मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून "आपण मारत नाही" हे ताईंचे म्हणणे त्यांच्या घरापुरते खरे आहे, पण दुधाच्या पूर्ण साखळीला ते लागू होत नाही. त्याचबरोबर दुसरी बाजूही मला तितक्याच जोराने सांगायची आहे. कांद्याचा भाव पडला, पाऊस गेला, तरी दर दहा दिवसांनी डेअरीचा जो पगार होतो त्यावर माझ्या मुलांची फी भरली जाते. दुधातली फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) एक पॉइंट कमी लागला तर दर कापला जातो, आणि पेंडेचा भाव मात्र कधीच खाली येत नाही. शहरात दूध सोडणाऱ्याने गोठेवाल्याला क्रूर म्हणू नये, एवढीच विनंती आहे.

रानवाटा

दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आमच्याकडच्या चर्चांत 'दुग्धव्यवसाय' असा एकच शब्द असतो, त्यात कर्ज काढून गाय घेतलेला माणूस दिसत नाही. क्रूर हा शब्द मी यापुढे वापरणार नाही.

माळकरी

रामकृष्णहरी. गोठ्याकडून यांनी लिहिलेले नाकारण्यासारखे नाही, तरीही मला या धाग्याचा कल मान्य नाही. आमच्या घरी वडिलांनी आणि मी तुळशीची माळ घातली आहे. माळ घातली की मांस, मासे, मद्य सुटते, आणि ते कोणत्या संस्थेच्या व्याख्येमुळे सुटत नाही. आमच्या परंपरेत गाय घरातली असते. आमचे आजोबा धार काढताना दोन सड वासरासाठी सोडत, वासरू आधी लुचायचे, गाईला पान्हा फुटायचा आणि मग तांब्या हातात घ्यायचा. काल्याच्या कीर्तनानंतर हातावर येणारा दही-लाह्यांचा काला हा आमच्यासाठी प्रसाद आहे. त्यात हिंसा आहे असे कोणी म्हटले तर मला वेदना होतात.

दोष दुधात नसून, दूध हा धंदा झाल्यामुळे जे बदलले त्यात आहे. उपाय करायचा तर तिथे करावा. शाकाहाराला अपुरे ठरवून तो होणार नाही.

लंडनहून_मीरा

मला थोडा वेगळा अनुभव मांडायचा आहे. मी व्हीगन नाही, साधी मराठी शाकाहारी आहे आणि अंडे खात नाही. इथे आल्यावर लक्षात आले की 'शाकाहारी' असे लिहिलेल्या केकमध्ये, नूडल्समध्ये आणि मेयोनीजमध्ये अंडे सर्रास असते, कारण इथल्या शाकाहाराच्या कल्पनेत ते बसते. चीजचीही तीच गोष्ट. इटलीचे पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, वापरूनच करावे लागते, तसा त्याचा नियमच आहे. भारतात बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने करतात, त्यामुळे मला हे ठाऊकच नव्हते. पहिल्या वर्षी कार्यालयाच्या उपाहारगृहात मी कितीतरी वेळा ते पास्त्यावर भुरभुरून घेतले होते. कळले त्या दिवशी जेवण गेले नाही.

तेव्हापासून मी पाकिटावरची व्हीगन खूण शोधते. ती असली की अंडे नाही, जनावरांच्या हाडा-कातड्याचे जिलेटीन नाही, वासराचे रेनेट नाही, एवढी खात्री होते. घरी आल्यावर चहा मात्र मी दुधाचाच पिते. परदेशातल्या मराठी शाकाहाऱ्याला व्हीगन लोकांमुळे मोठी सोय झाली आहे आणि त्यांचे ऋण मी मानते.

पाकीट_वाचक

आपल्याकडचा हिरवा ठिपका यापेक्षा कडक आहे, कारण त्यात अंडे चालत नाही. पण दूध आणि मध चालतात. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) 2022 मध्ये स्वतंत्र नियम केले आणि हिरव्या चौकटीतली व्ही अक्षराची खूण आणली. त्या पदार्थात प्राणिजन्य घटक तर नकोच, शिवाय तयार करताना वापरलेले पूरक पदार्थही प्राणिजन्य असता कामा नयेत.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पडद्यांमध्ये ठेवून कुटला जाई, आणि तीच मिठाई आपण नैवेद्याला ठेवत होतो. 2016 मध्ये त्यावर बंदी आली.

पुडी_आणि_वादी

माळकरी दादा, आपल्या भावना दुखावण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मी स्वतः भजनात पखवाज वाजवतो आणि माझ्या घरात वाद्यदुरुस्ती वडिलांपासून चालत आली आहे, म्हणून लिहितो.

पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचे पान, बकऱ्याच्या चामड्याची असते. ती ताणून धरणारी वादीही चामड्याची असते. उजव्या पुडीवर शाईचा काळा लेप चढवतात आणि डाव्या पुडीला वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात. त्या कणकेखाली हात फिरवताना चामड्याचे रंध्र बोटांना जाणवते. माझ्या वडिलांना माळ होती आणि ते रोज चामड्यात काम करत. त्यांना यात विसंगती वाटली नाही, कारण माळेचा नियम मुखात काय जाते याचा होता. ताईंच्या मुलीच्या नियमाचा परीघ मोठा आहे. सोवळ्याचा मुकटा रेशमाचा असतो, आणि रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोषातला कीडा आत असतानाच कोष उष्णतेने मारून मग गरम पाण्यात उकलतात. एका साडीला असे हजारो कोष लागतात. जे वस्त्र आपण सर्वांत शुद्ध मानले त्यामागे हे आहे, हे मला चाळिशीत कळले. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोषांचे अहिंसा रेशीम हल्ली मिळते. त्याचा धागा तुटक असल्याने तो सुतासारखा कातावा लागतो आणि त्याला ती झळाळी येत नाही.

ढोल-ताशा पथकांत आता चामड्याऐवजी फायबरची पाने सर्रास दिसतात. ती पावसात उतरत नाहीत. पखवाजाला मात्र अजून कातड्याचा गोडवा देणारे दुसरे काही माझ्या हाताला सापडलेले नाही. मी शोधतो आहे.

माळकरी

आपण जे लिहिलेत ते मी आमच्या पखवाजवादकांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मीही बसलो. नियम मुखापुरता होता हे आपले म्हणणे मला मान्य आहे. काल्याबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.

शांतिसागर

आम्ही सांगलीकडचे जैन. आमच्याकडे मध निषिद्ध आहे, अनेक घरांत कंदमुळेही चालत नाहीत आणि चातुर्मासात नियम अधिक कडक होतात, परंतु दूध चालते. म्हणजे बटाटा न खाणारी माझी आई दूध पिते आणि बटाटेवडा खाणारा माझा व्हीगन भाचा दूध पीत नाही. दोघेही अहिंसेचे नाव घेतात आणि दोघेही मनापासून घेतात. कोण पुढे आणि कोण मागे असे यात लावता येत नाही, असे मला वाटते.

सातेरी

मधाचा उल्लेख आला म्हणून एवढेच लिहितो. महाबळेश्वर भागात आम्ही सातेरी मधमाश्या पेट्यांमध्ये पाळतो. पोळे पिळण्याची जुनी पद्धत अळ्यांसह सगळे नष्ट करणारी होती. आता यंत्राने मध काढतात आणि पोळे तसेच पेटीत परत ठेवतात. तरीही तो मध माश्यांनी स्वतःसाठी साठवलेला असतो, आणि व्हीगन लोकांची हरकत नेमकी तिथे आहे. हरकत मला समजते. मी मध काढतो, पण पावसाळ्यापुरता त्यांच्यासाठी ठेवूनच काढतो.

आहार_सल्ला

कृष्णाकाठ ताईंच्या प्रकृतीविषयीच्या प्रश्नाकडे वळते. मी आहारतज्ज्ञ आहे आणि वीस-बावीस वर्षांच्या अशा अनेक मुली माझ्याकडे येतात.

सर्वांत महत्त्वाचे बी-12. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि वनस्पतिजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातून थोडेफार मिळते. व्हीगन व्यक्तीला ते पूरक गोळीतून किंवा बी-12 मिसळलेल्या पदार्थांतूनच घ्यावे लागते. याला पर्याय नाही आणि याबाबत हयगय करू नये, कारण कमतरता हळूहळू वाढते आणि हातापायांना मुंग्या येणे, विसरभोळेपणा, थकवा अशी लक्षणे दिसेपर्यंत मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. गोळीतले बी-12 जिवाणूंच्या किण्वनातूनच तयार होते, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न येत नाही. फक्त कॅप्सूलचे आवरण जिलेटीनचे नाही ना, हे पाहावे. डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेदापासून काढतात. दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून केलेलेही मिळते. ताई, आपण स्वतः दूध घेत असलात तरी आपलीही बी-12 ची तपासणी करून घ्या. दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही ही कमतरता मला वारंवार आढळते.

कॅल्शियमची काळजी मात्र आपले स्वयंपाकघर बरीचशी मिटवते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर 100 मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे 120. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, राजगिरा हे नियमित असावे. प्रथिनांसाठी रोज एक वाटी उसळ किंवा पिठले, सोबत भाकरी, शेंगदाणे आणि जमल्यास सोयाबीन. कडधान्ये भिजवून मोड आणली की त्यातले लोह अधिक शोषले जाते, आणि वर लिंबू पिळले तर आणखी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. मुलीला दम देऊन दूध पाजू नका. तिने गोळी वेळेवर घेतली की नाही, एवढेच विचारत राहा.

फोंड्याची_शांता

आमच्या गोव्यात शाकाहारी जेवणाला शिवराक म्हणतात. श्रावणात आमच्या घरी जे शिवराक जेवण होते त्यात नारळ मुख्य असतो, म्हणून भाची व्हीगन झाली तेव्हा मला फारसे काही बदलावे लागले नाही. खतखते, मुगागाठी, तोंडाक, नारळाच्या रसाची सोलकढी, पातोळ्या. ताट वाढून झाल्यावर फक्त ताक आणि तूप बाजूला ठेवावे लागले. ताई, मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर ताजे खोबरेल घाला आणि सारण नेहमीसारखेच नारळ-गुळाचे करा. वाढताना नारळाचा घट्ट रस द्या. कोकणात मोदकावर रस घेणारी घरे आहेत, त्यामुळे हे परके वाटणार नाही.

जुना_वाचक

माळकरी दादांनी परंपरेचा मुद्दा मांडला म्हणून गांधीजींची आठवण झाली. गाई-म्हशींकडून शेवटचा थेंब काढण्यासाठी कलकत्त्यात फुंका नावाची अघोरी पद्धत वापरतात हे कळल्यावर त्यांनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. 1918 मध्ये ते आमांशाने मरणाच्या दारात पोहोचले, तेव्हा शपथ घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, या आधारावर कस्तुरबांनी सुचवलेले शेळीचे दूध त्यांनी घेतले. ते त्यांना आयुष्यभर सलत राहिले आणि त्यांनी ते लपवले नाही. दुधाबद्दलची ही शंका कालपरवा पुण्याच्या महाविद्यालयांत उगवलेली नाही, आणि ती पाळताना माणसाची ओढाताण होते हेही तितकेच जुने आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतके काही मिळेल असे वाटले नव्हते.

गोठ्याकडून दादा, तुमचा प्रतिसाद मी मुलीला फोनवर वाचून दाखवला. गाय दोन रात्री हंबरते या वाक्यावर ती काही बोलली नाही. दहा दिवसांच्या पगाराचा भाग मात्र तिने पुन्हा वाचायला सांगितला. शनिवारी ती आली तेव्हा चीक पाठवणाऱ्या शेजाऱ्यांच्या गोठ्यात आम्ही दोघी गेलो. त्यांना कालवडच झाली आहे. मुलीने तिला हाताने लुसलुशीत घास भरवला आणि काकूंशी नेहमीसारख्या गप्पा मारल्या. आपण दूध सोडले आहे हे तिने त्यांना सांगितले, आणि काकूंनी "बरं, मग तुला शेंगदाण्याची चटणी देते" म्हणून डबा भरून दिला.

बी-12 ची तपासणी तिची आणि माझी दोघींची केली. तिचे कमी आहे, आणि माझे तिच्याहूनही कमी निघाले. दोघींना एकच गोळी सुरू झाली आहे.

शांता ताईंच्या पद्धतीने काल अकरा मोदक करून पाहिले. खोबरेलाच्या हाताने उकड चांगली मळली गेली, कळ्या पडल्या, एकही मोदक फुटला नाही. चतुर्थीला गणपतीच्या पानावर माझ्या सासूबाईंच्या पद्धतीने साजूक तूप पडेल आणि त्याच सारणाचे पाच मोदक तूप वाढण्याआधी वेगळे काढलेले असतील. याला आम्हा मायलेकींची, दोघींचीही, ना नाही.

आजीच्या पैठणीबद्दल मी विचारले. नवे रेशीम कधी घेणार नाही, पण ही आजीची आहे, ती कोणाला देऊ नकोस, असे ती म्हणाली. मी सुती पंचात गुंडाळून, घडी बदलून ती परत कपाटात ठेवली आहे.